एकोणचाळीसचा रुपया

कॉव्हेंट्रीतल्या खांबेट्यांच्या घरात चार बेडरूम आहेत आणि त्यांतली सगळ्यात चांगली नाण्यांना दिलेली आहे. चांगली म्हणजे कोरडी. तिची एकही भिंत बाथरूमला लागून नाही, खिडकी दक्षिणेला, खाली लाकडी जमीन. एकोणीसशे नव्वद साली घर घ्यायची वेळ आली तेव्हा बाकीचे लोक बघतात तसं श्रीनिवासरावांनी किचन बघितलं नाही, शाळा किती लांब ते विचारलं नाही. त्यांनी भिंतींना हात लावून बघितला. इस्टेट एजंटला वाटलं, हा गृहस्थ बिल्डर असावा. पुढे अरुणाच्या साड्या लॉफ्टमध्ये गेल्या आणि तिथे दोन पैठण्यांना बुरशी लागली. नाण्यांना कधी लागली नाही.

श्रीनिवासराव भूलतज्ज्ञ. तेहेतीस वर्षं मिडलंड्समधल्या हॉस्पिटलांत त्यांनी माणसं झोपवली आणि सुखरूप जागी केली, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांना आज सांगता येणार नाही. मंडळातले लोक त्यांना भुलीचे डॉक्टर म्हणायचे. गणपतीच्या आरतीला ते मागे उभे राहायचे, प्रसाद घ्यायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. बोलणं-चालणं, कुणाकडे काय झालं, कुणाला काय हवं, हे सगळं खातं अरुणाचं.

त्यांचं खातं नाण्यांचं आणि नोटांचं. नाणं उघड्या बोटांनी धरायचं नाही, घामानं डाग पडतो. धरायचंच तर सुती हातमोजे घालून, कडेनं. ते कधीही घासायचं नाही, कारण जुन्या नाण्यावरचा काळपट रंग हाच त्याचा दाखला. चकचकीत केलेलं नाणं जाणकाराच्या लेखी मेलेलं. स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकच्या अल्बमला थारा नाही, त्यानं नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. प्रत्येक नाणं आपापल्या टणक पारदर्शक डबीत, डब्या लाकडी नव्हे तर पत्र्याच्या कपाटातल्या ट्रेमध्ये, आणि नोटा वेगळ्या पाकिटांत, आडव्या, अंधारात. लेबलं पेन्सिलीनं लिहायची, शाईनं नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळासारखं हायग्रोमीटर. काटा पन्नासच्या वर गेला की घरात आणीबाणी. पावभाजी करायची तर किचनचं दार बंद. जानेवारीतसुद्धा कपडे बाहेर.

कपाटात एकच नाणं असं होतं की ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप शोभावा. एकोणीसशे एकोणचाळीस सालचा चांदीचा रुपया. त्या सालचे फार थोडे बाहेर पडले. ब्याण्णव साली लंडनच्या एका लिलावात श्रीनिवासरावांनी तो घेतला आणि त्या वर्षी भारतात जायचं रद्द झालं. अरुणाच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. अरुणा काही बोलली नाही, आणि श्रीनिवासरावांना वाटलं, तिला चाललं.

या जानेवारीत अरुणा गेली. सकाळी चहा ठेवला, पाणी उकळायच्या आत खाली बसली आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आटोपलंही. श्रीनिवासरावांनी तिची छाती दाबत राहून जे करायचं ते सगळं केलं, अगदी बरोबर क्रमानं. नंतर फोन केले. मुलगा क्षितिज ब्रिस्टलहून आला तेव्हा त्याला कागदपत्रं फाईलमध्ये लावलेली मिळाली. अंत्यविधीला बायका रडत होत्या आणि श्रीनिवासराव हॉलचा हीटर नीट चालत नाही याकडे बघत होते. लोक म्हणाले, काका खंबीर आहेत. तसलं काही नव्हतं. त्यांना काही होतच नव्हतं. ते स्वतःला मधूनमधून तपासत, जसं पेशंटला विचारतात, इथे दुखतंय का, इथे. आणि उत्तर प्रत्येक वेळी नाही असंच यायचं.

जेवणाचं मात्र अडलं नाही. दर शनिवारी कुठून ना कुठून डबे यायचे. लेस्टरहून पूर्वी नावाची कुणी बाई आली, रेडिंगहून वरदा. फ्रीजरमध्ये आमटीचे डबे लागले, वर तारखा लिहिलेले. श्रीनिवासराव थँक यू म्हणायचे, गरम करून खायचे. या बायका कोण आणि त्यांना आपला इतका पुळका का, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मे महिन्यात शेजारच्या गल्लीत चोरी झाली. क्षितिजनं फोनवर लकडा लावला. "बाबा, you can't keep all that at home. बर्मिंगहॅमला वॉल्ट आहे, proper, climate-controlled. मी बुक केलंय. त्यांना सोमवारपर्यंत फक्त लिस्ट हवीये, फोटोसकट."

"ठीक आहे," श्रीनिवासराव म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच ठीक आहे म्हणायचे.

खालचे ट्रे त्यांनी कितीतरी वर्षांत बाहेर काढले नव्हते. जे सुरक्षित आहे त्याला पुन्हापुन्हा हात कशाला लावायचा? वरच्या कप्प्यातल्या पुड्या बदलायच्या, काटा बघायचा, कपाट बंद. शुक्रवारी त्यांनी हातमोजे चढवले, तिसरा ट्रे टेबलावर घेतला आणि एकोणचाळीसच्या डबीवर कॅमेरा धरला. डबीत दोन पौंडांचं नाणं होतं.

साधं, टेस्कोच्या दुकानात चालणारं. आकारानं रुपयाहून थोडं लहान, त्यामुळे डबीत खुळखुळत होतं. त्यांनी डबी उलटी केली. मागच्या लेबलावर त्यांच्या बारीक अक्षरातल्या नोंदीखाली पेन्सिलीनंच, गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: अनुया. ओटी. मार्च २०१३.

अक्षर अरुणाचं. नियम तिनं पाळला होता, शाई वापरली नव्हती.

त्या ट्रेमध्ये अशा पाच डब्या निघाल्या. पूर्वी, लेस्टरला जाताना. वरदा. आणखी दोघी. चार जणींना साधे, कुठेही मिळणारे रुपये गेले होते. मागे एकदा अरुणा म्हणाली होती तेही त्यांना आता आठवलं. कुणी मुलगी गाव सोडून निघाली की ती तिची ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण, आणि वर नाणं. "ओटीत आपला रुपयाच हवा. पौंड घातला की भाडं दिल्यासारखं वाटतं," असं ती म्हणाली होती, आणि श्रीनिवासरावांनी पेपर उलटला होता. कॉव्हेंट्रीत रुपया मिळणार कुठे? घरात होते ते एका कपाटात. पौंडावरच्या राणीचं तोंड ओटीत नको म्हणून बाईंनी रुपयावरच्या राजाचं घातलं, आणि एका रुपयाच्या जागी प्रामाणिकपणे दोन पौंड ठेवले.

दुसरा कुणी असता तर संतापला असता, नाहीतर हसला असता. श्रीनिवासरावांनी दोन पौंडांचा फोटो काढला, मग तो डिलीट केला. अनुया म्हणजे कोण हे आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. पुण्याची मुलगी, नवरा कुठल्याशा प्रोजेक्टवर आलेला. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून अरुणा तिला घरी घेऊन आली होती आणि ती दोन आठवडे राहिली होती. याच खोलीत. त्या दोन आठवड्यांतलं श्रीनिवासरावांना काय आठवलं म्हणाल, तर बासष्ट टक्के. पोरीला थंडी वाजते म्हणून अरुणानं हीटर वाढवला, रेडिएटरवर ओले टॉवेल वाळत घातले, आणि काटा बासष्टवर गेला. त्यावरून दोघांचं वाजलं होतं.

लिस्ट सोमवारी द्यायची होती. एकोणचाळीसच्या रुपयाशिवाय ती लिस्ट म्हणजे कुठल्याही म्हाताऱ्याकडची चिल्लर. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट जिवापाड सांभाळली होती आणि ती तेरा वर्षं कपाटात नव्हतीच. तो रुपया परत हवा होता. त्यांना बाकी काही हवंसं वाटत नव्हतं, एवढं एक वाटत होतं, आणि त्याला धरून ते उठले. ओटीतलं परत मागायचं नसतं हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी बदली शोधली: चाळीस सालचा रुपया, तोच राजा, तोच आकार, फरक काय तो एका आकड्याचा. बाईमाणसाला काय कळणार, असा विचार करून तो त्यांनी कोटाच्या खिशात टाकला. अनुयाचा नंबर अरुणाच्या फोनमध्ये होता.

शनिवारी ते मिल्टन कीन्सला गेले. त्या गावात राउंडअबाउटचा एक गोल चुकला की पुढचे चार तुम्हाला परत त्याच जागी आणून सोडतात. दोनदा तसं झालं. दार अनुयानंच उघडलं. चाळिशीची, केस आखूड कापलेले, चष्मा. ही मुलगी रस्त्यात समोर आली असती तर त्यांनी ओळखली नसती.

"काका, या ना. फोनवर म्हणालात तेव्हा खरंच वाटेना मला. गाडी चालवत आलात एकटे?"

"या बाजूला काम होतं," श्रीनिवासराव म्हणाले. मिल्टन कीन्सला कुणाचं जाता जाता काम नसतं, पण अनुयानं त्यांना आत घेतलं.

चहा झाला, पोहे झाले. अनुयाचा नवरा मिलिंद मुलीला स्विमिंगला न्यायच्या घाईत होता. मुलगी तनू, आठ-नऊ वर्षांची, बॅग खांद्याला लावून त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"आजोबा, तुमचा चहा थंड झाली," ती म्हणाली.

"झाला," मिलिंदनं दुरुस्त केलं आणि तिला घेऊन गेला. घर शांत झालं. श्रीनिवासरावांनी वाक्य तयार केलं होतं. अनुया, एक थोडं ऑकवर्ड काम आहे. त्यांनी खिशात हात घातला.

"थांबा काका, तुम्हाला एक दाखवायचंय," अनुया म्हणाली आणि आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात देव्हाऱ्यातली छोटी चांदीची वाटी होती. वाटीत थोडे तांदूळ आणि तांदळांवर रुपया.

तो चकचकत होता. तेरा दिवाळ्या त्याला चिंच लागली होती, पितांबरी लागली होती, दूध लागलं होतं. राजाचं नाक गेलं होतं, कान सपाट झाला होता, साल वाचता येत होतं ते केवळ ठाऊक होतं म्हणून. कडेच्या नक्षीत हळद-कुंकू जाऊन बसलं होतं. लिलाववाल्यांनी त्याला चांदीच्या वजनाचा भाव दिला असता. श्रीनिवासराव त्याच्याकडे एक्सरे बघावा तसे बघत राहिले. परत नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता तरी काहीतरी होईल असं त्यांना वाटलं, आणि काहीच झालं नाही.

"तुम्ही दिलेला," अनुया म्हणाली.

"मी?"

"म्हणजे काकूंनी ओटीत घातला, पण त्यांनी सांगितलं ना मला. 'काकांनी स्वतः निवडलाय तुझ्यासाठी, त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला आहे.' मला तेव्हा कळलंच नाही, I was in such a state. नंतर पूर्वी भेटली, वरदा भेटली, तेव्हा कळलं की तुम्ही सगळ्यांनाच दिलेत. आमचा ग्रुप आहे काका. काकू गेल्या तेव्हा आम्ही ठरवलं, आता काकांना डबे आपण द्यायचे, आळीपाळीनं. पुढच्या शनिवारी माझा नंबर होता."

श्रीनिवासरावांचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा. तर असं होतं. या बाईनं त्यांच्या पाठीमागे त्यांच्या नावानं एक माणूस उभा केला होता. तो माणूस कपाटासमोर बसून निघालेल्या मुलींसाठी नाणं निवडत असे. त्याला कुणाचं काय झालं ते ठाऊक असे. आणि लेस्टर-रेडिंगच्या बायका चार महिने आमटी पाठवत होत्या त्या त्याला. श्रीनिवासराव आपले ती गरम करून खात होते. सगळ्यात चांगला. म्हणजे अरुणाला माहीत होतं तो कुठला आहे. माहीत असणारच. बहिणीचं लग्न तिचं बुडालं होतं.

"आणि तुम्ही रोज यायचात ना संध्याकाळी," अनुया वाटीकडे बघत म्हणाली, "ते मी कधी विसरणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. सगळे काहीतरी बोलायचे काका. होईल दुसरं, देवाची इच्छा, मिलिंदची आई तर फोनवर... जाऊ दे. तुम्ही यायचात, एक मिनिट उभे राहायचात, काही न बोलता हळूच दार लावून जायचात. मला वाटायचं, चला, बघून गेले. मग झोप लागायची."

ते हायग्रोमीटर बघायला यायचे. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर होतं ते. काटा बघायचा, तोंडातल्या तोंडात आकडा म्हणायचा आणि परत. पलंगावर कुणीतरी आहे हे त्यांना अडचण म्हणून जाणवायचं, कारण वाकून बघावं लागे. चौदा संध्याकाळी ते त्या खोलीत गेले होते आणि चौदाही वेळा त्यांनी यंत्र बघितलं होतं.

चार महिने सगळे त्यांना सांगत होते की दुःख येईल, उशिरा येईल, पण येईल. आली ती लाज. कानशिलं तापली, हाताला घाम फुटला. इतक्या दिवसांनी काहीतरी होतंय आणि ते हे आहे, हेही त्यांना कळलं. आणि दुसरंही एक कळलं, की हा बधिरपणा जानेवारीतला नव्हताच. अरुणा होती तोवर तो दिसत नव्हता, एवढंच. ती दोघांच्या वाट्याचं बोलत होती, दोघांच्या वाट्याचं देत होती, आणि त्यातलं अर्धं यांच्या नावावर मांडत होती.

"काका, एक विचारू?" अनुया म्हणाली. "सगळ्यात चांगला मलाच का दिलात?"

खरं सांगणं सोपं होतं. मी दिला नाही, मी तुला बघायला येत नव्हतो, मी आज हा परत न्यायला आलो होतो. तीन वाक्यं. सांगून ते मोकळे झाले असते आणि या मुलीच्या हातून तेरा वर्षांची झोप काढून घेतली असती. खोटंही त्यांना जमेना. त्या दुसऱ्या माणसाला जे ठाऊक होतं ते यांना ठाऊक नव्हतं. तो अनुयाला ओळखत होता. त्यानं तिला जे केव्हाच विचारलं असतं ते यांनी विचारलं नव्हतं.

"अनुया," श्रीनिवासराव म्हणाले. "ते बाळ... मुलगा होता की मुलगी?"

अनुयानं चष्मा काढला. ती काचा पुसत राहिली आणि त्यांना वाटलं, हे विचारायला नको होतं.

"मुलगी," ती म्हणाली. "हे आजवर फक्त काकूंनी विचारलं होतं मला. आणि आता तुम्ही. आई-बाबांनीसुद्धा नाही विचारलं."

"नाव ठेवलं होतं?"

"ऋजुता. म्हणजे आमचं ठरलं होतं तसं. काकू तिचं नाव घेऊन बोलायच्या माझ्याशी. दर मार्चमध्ये फोन करायच्या, तारीख न चुकता. या मार्चला नाही आला."

मार्चमध्ये श्रीनिवासरावांनी अरुणाचा फोन चार्जरला लावून ठेवला होता, कपाटाशेजारी, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. त्यांनी मान हलवली. मग त्यांना दिसेनासं झालं, आणि चष्म्यात काहीतरी गेलं असं समजून त्यांनी तो काढला, तरी दिसेना. गालांवरून पाणी शर्टावर पडत होतं. जी कधी जन्मलीच नाही अशा मुलीच्या नावानं ते रडायला लागले होते, आणि ते थांबवायचं कसं हे त्यांना येत नव्हतं.

अनुयानं वाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. बऱ्याच वेळानं श्रीनिवासरावांनी उघड्या हातानंच तोंड पुसलं.

"तारीख काय?" त्यांनी विचारलं. "मार्चमधली. मला लिहून दे."